दुय्यम भूमिकेचे मोठेपण

चित्रपटाच्या जाहिरातीवर नायक-नायिकेची नावे ठळक अक्षरांत झळकतात. नायकाचा मित्र, वृद्ध काका, शाळेतील शिपाई यांची नावे मात्र शोधावी लागतात. तरीही घराचे आढे जसे खांबांवर पेललेले असते, तसे कथानक या मंडळींनी पेललेले असते. हाँगकाँगच्या चित्रपटसृष्टीतील न्ग मान-तात हे असेच एक चरित्र अभिनेते होते.

त्यांचा जन्म १९५२ साली चीनमधील श्यामेन या बंदराच्या शहरी झाला. बालपणीच ते हाँगकाँगला आले. १९७३ साली त्यांनी टीव्हीबी या दूरचित्रवाणी संस्थेच्या अभिनय-प्रशिक्षण वर्गात प्रवेश घेतला. पुढे जगप्रसिद्ध झालेले चाव युन-फात हे तेथील त्यांचे सहाध्यायी. १९७९ च्या एका मालिकेने न्ग यांना कीर्ती दिली. पण कीर्तीपाठोपाठ जुगाराचे व्यसनही आले. कर्जाचा डोंगर वाढला, दिवाळे निघाले आणि कामे मिळेनाशी झाली. मदतीच्या आशेने ते चाव यांच्याकडे गेले. चाव यांनी पैसे देण्यास नकार दिला. तो नकार त्यांच्या जिव्हारी लागला. मात्र त्याच मित्राने दिग्दर्शकाकडे आपल्यासाठी शब्द टाकला होता, हे त्यांना पुष्कळ काळानंतर कळले.

व्यसन सोडून ते अभिनयाच्या अभ्यासाकडे वळले. मिळेल ती लहान भूमिका त्यांनी मन लावून केली. ‘अ मोमेंट ऑफ रोमान्स’ या १९९० च्या चित्रपटातील सहायक भूमिकेसाठी त्यांना १९९१ साली हाँगकाँग चित्रपट पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास स्टीफन चाव या विनोदी नटाशी त्यांची जोडी जमली. हसवण्याचे श्रेय बहुधा नायकाला मिळते. परंतु समोरच्याने नेमक्या क्षणी चेंडू टोलवला नाही, तर विनोद तेथेच विरून जातो. तो चेंडू त्यांनी कधी चुकवला नाही. प्रेक्षक त्यांना प्रेमाने ‘तात काका’ म्हणू लागले.

२००१ च्या ‘शाओलिन सॉकर’मध्ये त्यांनी एका लंगड्या प्रशिक्षकाची भूमिका केली. लाच घेऊन खेळाशी बेइमानी केलेला आणि सर्वस्व गमावून पुन्हा संघ उभारणारा तो माणूस रंगवताना त्यांना पडझडीची ओळख बाहेरून करून घ्यावी लागली नसेल. २०१९ च्या ‘द वाँडरिंग अर्थ’मध्ये त्यांनी नातवंडांसाठी जीव पणाला लावणारे आजोबा साकारले आणि तरुण पिढीलाही गहिवरून आले.

२७ फेब्रुवारी २०२१ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या वाट्याला नायकपद क्वचितच आले. मात्र एकदा कोसळलेल्या माणसाने वाट्याला आलेली लहानशी जागा प्रामाणिकपणे भरून काढली, तर ती जागाच मोठी होते, याची साक्ष त्यांच्या भूमिका आजही देतात.