पंचवीस पिनांचे दार

१९९४ साली सांगलीला शिकत असताना संगणकाच्या पाठीमागचे पंचवीस पिनांचे दार मला उमगले. प्रिंटर जोडायचा तो पॅरलल पोर्ट. टर्बो सीमध्ये षोडशमान पद्धतीतल्या ३७८ या पत्त्यावर १ लिहिला, की दुसऱ्या पिनेवरचा चिमुकला दिवा लागे. २५५ लिहिले, की दोन ते नऊ या आठही पिनांवरचे दिवे उजळत. वाचायचे ते ३७९ वरून. तेथे तारा पाचच, आणि अकराव्या पिनेची तार उलटे बोलणारी: पिनेवर पाच व्होल्ट असले, की वाचनात शून्य! त्या उलट्या बोलीने माझी एक अख्खी रात्र खाल्ली.

पुढे मोठा दिवा लावण्याची हौस आली. पोर्टमधून जेमतेम काही मिलिअँपिअर प्रवाह मिळतो हे ठाऊक असूनही मी मध्ये ट्रान्झिस्टर न घालता रिलेची गुंडाळी थेट जोडली. पोर्ट मुका झाला. शनिवार होता, प्रयोगशाळेत कोणी नव्हते. गुपचूप साताऱ्याची एसटी धरली.

उतरलेला चेहरा पाहून वडिलांनी सारे काढून घेतले आणि एवढेच विचारले, "सरांच्या कानावर घातलेस का?"

सोमवारी पहाटेच्या गाडीने परतलो. सरांनी ऐकून घेतले, जळालेले कार्ड बदलले, आणि मला ट्रान्झिस्टर जोडायला बसवले.