पितळेची पिन

भाट्याच्या पुलावर गरी टाकून उभे राहणारे लोक तुम्ही रत्नागिरीत आलात तर पाहिले असतील. माझे बाबा वीसेक वर्षं त्यांच्यातले एक होते. मित्राच्या होडीतून खाडीत जायला मिळालं तर मग रविवारचं जेवणही विसरायचे. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि वल्हं मारणं बंद झालं, तेव्हा मी पुण्यात एकाकडून पेडलवर चालणारी सेकंडहँड कयाक विकत घेतली. सायकलसारखे पाय मारायचे, हात गरीला मोकळे.

अशा कयाक दोन जातींच्या असतात. होबी कंपनीने १९९७ साली आणलेल्या ड्राइव्हमध्ये खाली दोन लवचिक पर असतात, पेंग्विनच्या पंखांसारखे डावी-उजवीकडे हलणारे. आमची दुसऱ्या जातीची, खाली पंखा असलेली. पेडलचं फिरणं तिरक्या दातांच्या गिअरमधून काटकोनात वळून दांड्याने खाली जातं, तिथे पुन्हा काटकोनात वळतं आणि पंखा फिरतो. पेडल एकदा फिरवलं की पंखा दहा वेळा फिरतो, मी मोजलंय. पंखा आणि त्याचा शाफ्ट यांना जोडणारी वस्तू एकच: काडेपेटीच्या काडीपेक्षा जराशी जाड अशी पितळेची पिन.

नोव्हेंबरात पंख्यात जुन्या जाळ्याचा तुकडा अडकला आणि ती पिन तुटली. किनारा जवळ होता, बाबा कसेबसे आले. तुटलेली पिन हातात घेऊन मला कंपनीची कीव आली. एवढं महागाचं यंत्र आणि त्यात ही काडी? कंपनीला मेल केला, तर सुटे भाग भारतात पाठवत नाही असं उत्तर आलं. मग मी बाजारातून तेवढ्याच जाडीची स्टेनलेस स्टीलची सळी आणली, हॅकसॉने कापली, कानशीने घासून बसवली. माझी डिग्री कॉम्प्युटरची, पण पहिल्या वर्षाला वर्कशॉप होतं. कानशीचा तो आवाज बऱ्याच वर्षांनी ऐकला. बाबांना म्हटलं, आता ही कधी तुटायची नाही.

पिन खरंच तुटली नाही.

तीन आठवड्यांनी, अमावास्येच्या आसपास, मी भाट्याच्या बाजूला सुरूच्या झाडाखाली ऑफिसच्या कॉलवर होतो. मध्येच बाबांचा फोन आला. "पाय फिरतायत रे, पण होडी जात नाहीये." ओहोटी जोरात होती. काजळी नदीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि त्याबरोबर केशरी लाइफ जॅकेट घातलेले बाबाही. ते डाव्या हाताने वल्हं मारायला बघत होते आणि कयाक जागच्या जागी गोल फिरत होती. मी लॅपटॉप तसाच टाकून पाण्यात गुडघ्यापर्यंत गेलो. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. राजिवड्याची एक होडी आत येत होती, तिने दोर टाकून त्यांना ओढून आणलं. सगळं मिळून वीस मिनिटं झाली असतील.

घरी आल्यावर बाबांनी जॅकेट धुवून वाळत घातलं आणि म्हणाले, "विकून टाक ती. मीच खडकावर घातली असणार. आता हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी काही बोललो नाही. मलाही तेव्हा खडकच वाटला होता, किंवा वाटून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह घेऊन मिरकरवाड्यात गेलो. तिथे होड्यांची छोटी इंजिनं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियमच्या खोक्यात स्टीलचे बोल्ट जाम झाले होते, ते सोडवण्यातच तास गेला. आत पाणी शिरून ग्रीसचं श्रीखंड झालेलं. त्यात बोट घालून चाचांनी गिअरचे दोन तुटलेले दात काढून टेबलावर ठेवले. पंख्याला गुंडाळलेला नायलॉनचा दोर कापला. मग माझी पिन ठोकून काढली. चकचकीत, साधा ओरखडाही नाही.

"ही कोणी घातली?"

"मी."

"इंजिनिअर काय तू?" असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधला डबा उघडून दाखवला. डबाभर पिना. "पंख्यात जाळं गेलं की ही तुटते आणि गिअर वाचतो. तुटायसाठीच असते ती."

पंखा अडकला तरी माणूस आणखी जोरात पाय मारतो. तो जोर कुठेतरी जाणार. कंपनीने तो दहा-वीस रुपयांच्या, बाहेरून बदलता येणाऱ्या पिनेवर नेला होता, मी तो आतल्या गिअरवर नेऊन ठेवला. ऑफिसात मी सर्किट ब्रेकर नावाचा कोड लिहितो. एक सर्व्हिस अडली तर तिच्यामागे बाकीच्या झोपू नयेत म्हणून तो मुद्दाम कनेक्शन तोडतो. तरीही.

संध्याकाळी बाबांना ती पिन दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी पिन चष्म्याजवळ धरून पाहिली. "म्हणजे खडक नव्हता?" "नव्हता." बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "गाढवा, मी रात्रभर तो खडक शोधत होतो."

गिअर मिरजोळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने करून दिला. तिरके दात कापणं सोपं नाही, पहिला गिअर फुकट गेला. दुसरा बसवताना दातांना निळा रंग लावून फिरवला. रंग कुठे पुसला जातो त्यावरून दात कुठे टेकतायत ते कळतं. मग पातळ चकत्या घालून, काढून, पुन्हा घालून, चार वेळा. सोबत नवं ऑइल सील, नवं ग्रीस. पिना चाचांनी पितळेच्याच दिल्या, दहा. पैसे दोनचेच घेतले.

त्या पिना आता गोळ्यांच्या रिकाम्या डबीत सीटखाली बांधलेल्या असतात. ड्राइव्ह वर उचलून घेतला की बसल्या जागी पिन बदलता येते. बाबांनी ते घराच्या अंगणात घड्याळ लावून शिकून घेतलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. पोटात गोळा आला.

"पिन गेली. बदलतोय. तांबोशी मिळालीय, आईला वाटण करायला सांग."