पाच दाणे आणि चार सुना



पाठशाळेत गोष्ट संपली की आपण विचारतो, "तात्पर्य काय?" आणि मुलं एका सुरात म्हणतात, "खोटं बोलू नये." गोष्टीत कुणी खोटं बोललेलं नसलं तरी! म्हणून मी तो शब्दच बंद केलाय. दोनच प्रश्न विचारते. काय घडलं? आणि गोष्ट कशाबद्दल आहे? पहिलं कथानक, दुसरी मध्यवर्ती कल्पना.

सुरुवात आपल्या आळ्याच्या रेड्यापासून केली. ज्ञानेश्वरांनी पैठणला त्याच्या मुखातून वेद वदवले, पुढे तो भावंडांबरोबर चालत आला आणि इथे त्याची समाधी झाली, हे इथल्या पोरांना पाठच. पण "रेडा बोलला" हे झालं कथानक. मग मी विचारलं, "रेड्याला मारलं आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, एवढा तुकडा काढून टाकला तर?" एक मुलगा म्हणाला, "मग नुसती जादू उरेल." जीव सगळ्यांचा सारखा, हे आपल्या मुलांना आणखी सांगावं लागत नाही.

त्यानंतर घेतली रोहिणीची गोष्ट. ज्ञाताधर्मकथा या सहाव्या अंगातलं हे सातवं अध्ययन. राजगृहीचा धन्ना सार्थवाह चार सुनांना साळीचे पाच-पाच दाणे देतो आणि सांगतो, मागेन तेव्हा परत द्या. उज्झिका टाकून देते, भोगवती खाऊन टाकते, रक्षिका डबीत जपते, रोहिणी माहेरी पेरायला लावते. पाचव्या वर्षी सासरे मागतात तेव्हा रोहिणीचे दाणे आणायला गाड्या लागतात. (चक्रवाढीचा इतका सुंदर धडा मला बी.कॉम.लाही मिळाला नव्हता.) मग उज्झिकेला झाडलोट, भोगवतीला स्वयंपाकघर, रक्षिकेला भांडार आणि रोहिणीकडे घराचा कारभार.

चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "माझी मम्मी दिवसभर स्वयंपाकच करते. म्हणजे ती भोगवती का?"

वर्ग हसला. मला नाही हसू आलं. ही गोष्ट आपण सासवांनी सुनांना ऐकवायलाच जास्त वापरली आहे, आणि कोपऱ्यात बसलेली पोर ते ऐकत असते. ज्या घरात आयंबिलाच्या ओळीला पहाटेपासून चूल पेटलेली असते, तिथे स्वयंपाकघर शिक्षा कशी?

मग पुन्हा तीच युक्ती. सुना काढा, मुलगे घाला. दाण्यांऐवजी पाच रुपये. स्वयंपाकघराऐवजी दुकान. गोष्ट मोडली का? नाही मोडली. काय बदलता येईना? सगळ्यांना सारखंच मिळालं. एकाने टाकलं, एकाने संपवलं, एकाने राखलं, एकाने वाढवलं. मुलांनीच शोधलं. आगमातही शेवटी हेच जोडून दिलंय : पाच दाणे म्हणजे पाच महाव्रतं, आणि सुनांच्या जागी साधू-साध्वी. यालाच उपनय म्हणतात. चूल, झाडू, भांडार त्यात कुठेच येत नाही.

ती मुलगी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि उज्झिकेने सॉरी म्हणून परत दाणे मागितले असते तर?"

हे कथानकात नाही, मी म्हटलं. तर म्हणे, "मग आपण लिहू."

येत्या रविवारी सगळी लिहून आणणार आहेत. एकाने आताच विचारून ठेवलंय, प्रायश्चित्त घेतल्यावर दाणे पाचच मिळतात की कमी?