ओरगडमच्या रस्त्यावर डाव्या पायाचा प्रश्न

चेन्नई शहर मागे टाकून तांबरम, वंडलूर, पडप्पै अशी गावे घेत वालाजाबादकडे निघाले, की दोन्ही बाजूंना तळी लागतात. तमिळमध्ये त्यांना 'एरी' म्हणतात. पाऊस झाला असेल तर काठोकाठ भरलेली, उन्हाळ्यात तळाला भेगा पडलेली. तळ्याच्या बांधावर ताडाची झाडे, कडेला चरणाऱ्या म्हशी, आणि मग अचानक रस्ता रुंद होतो, कारखान्यांच्या लांबच लांब भिंती सुरू होतात. हेच ओरगडम. कांचीपुरम जिल्ह्यातले एके काळचे साधे खेडे. आज मोटारीच्या दुनियेत ते ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण.

रेनो आणि निसान या कंपन्यांचा संयुक्त कारखाना येथे मार्च २०१० मध्ये सुरू झाला. साडेचार हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि वर्षाला चार लाख मोटारींचे उद्दिष्ट, असा त्याचा थाट होता. पाठोपाठ २०१२ मध्ये भारतबेंझ ट्रक बनवणारा डेम्लरचा कारखाना आला. २०१३ मध्ये चेन्नईच्या तिरुवोट्टियूरमध्ये कित्येक दशके बनणारी बुलेट ओरगडममध्येही बनू लागली. टायरचा कारखाना आहे, वाहनांच्या चाचण्या घेणारे सरकारी केंद्र आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत कंपन्यांच्या बसगाड्या कामगारांना आणतात आणि नेतात. त्या बसमध्ये कधी कधी चक्क मराठी कानावर पडते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत उमेदवारी केलेली मुले बढतीसाठी, पगारासाठी इकडे येतात आणि इडली-सांबाराशी जमवून घेतात.

असाच एक सातारकडचा तरुण इंजिनिअर येथे नोकरीला आहे. नवरा-बायको तांबरमला राहतात. तो कंपनीच्या बसने ओरगडमला जातो, तर पत्नी जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका संगणक कंपनीत काम करते. घरात पहिली मोटार घ्यायचे ठरले आणि त्याबरोबर पहिला मोठा वादही आला.

गाडी छोटी हवी, पण चपळ हवी, यावर दोघांचे एकमत होते. मतभेद होता तो गिअरवर. त्याला हाताने टाकायचा गिअर हवा होता. तिला ऑटोमॅटिक.

हाताचा गिअर की आपोआप?

त्याचे म्हणणे साधे होते. चपळ गाडीची गंमत गिअरच्या दांड्यात असते. वळण आले, खालचा गिअर टाकला, इंजिन गुरगुरले, गाडी वळणातून उसळून बाहेर पडली, हे सगळे आपल्या हाताने व्हायला हवे. त्याला येलगिरीच्या डोंगरावरची चौदा नागमोडी वळणे खुणावत होती. शिवाय ओरगडमहून जवळच, इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९० मध्ये सुरू झालेला मोटारींच्या शर्यतींचा ३.७ किलोमीटर लांबीचा ट्रॅक आहे. तेथल्या शर्यती पाहून आल्यावर तर दोन दिवस त्याचा डावा हात आपोआप हलत असे.

तिचे म्हणणे त्याहून साधे होते. "गाडी रोज कोण चालवणार? तुम्ही तर कंपनीच्या बसमध्ये झोपून जाता." मेडवाक्कम ते शोळिंगनल्लूर या पट्ट्यात संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. क्लच दाबा, सोडा, अर्धा दाबून धरा. बाहेर चेन्नईचा उकाडा. तासाभरात डावा पाय भरून येतो. मैत्रिणीच्या गाडीवर सराव करताना तिने हे अनुभवले होते.

दोघांच्याही बाजूने आकडे होते. ओरगडममध्येच बनणाऱ्या आणि डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आलेल्या निसान मॅग्नाइटचे उदाहरण घ्या. टर्बो पेट्रोल इंजिन एकच, १०० अश्वशक्तीचे. पण हाताच्या गिअरबरोबर त्याचा जोर, म्हणजे टॉर्क, १६० न्यूटन मीटर होता, तर ऑटोमॅटिकबरोबर तो १५२ ठेवला होता. लिटरला २० किलोमीटरच्या जागी पावणेअठरा, आणि किंमत लाखाच्या आसपास जास्त. नवऱ्याने हे सगळे वहीत लिहून ठेवले होते. बायकोने त्याच पानावर खाली लिहिले, 'डावा पाय – एक. बदलून मिळत नाही.'

ऑटोमॅटिक म्हणजे एकच नव्हे

सर्वसामान्य माणूस 'ऑटोमॅटिक' असा एकच शब्द वापरतो, पण या नावाखाली निरनिराळी यंत्रे येतात. ती समजून घेतली तर निवड सोपी होते.

सर्वांत स्वस्त प्रकार एएमटी. यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. भारतात हा प्रकार मारुती सेलेरिओने २०१४ मध्ये घरोघरी नेला. ओरगडमच्या क्विडमध्ये तो २०१६ मध्ये आला, तोही दांड्याऐवजी डॅशबोर्डवरच्या गोल खुंटीच्या रूपात. दर गिअरला गाडी किंचित मान डोलावते. शहरात हे चालून जाते, पण चपळाईची हौस असणाऱ्याचे समाधान होत नाही.

दुसरा प्रकार सीव्हीटी. यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा. पुल्यांचा घेर लहान-मोठा होतो आणि वेग सलग वाढत जातो. लोण्यासारखी गाडी चालते. मात्र ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मागून येतो.

तिसरा प्रकार डबल क्लचचा. एक क्लच एक-तीन-पाच अशा विषम गिअरांसाठी, दुसरा दोन-चार-सहा अशा सम गिअरांसाठी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धावत असतानाच तिसरा तयार बसलेला असतो, त्यामुळे बदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. हा प्रकार महाग. कोरड्या क्लचचा असेल तर सतत थांबत-सरकत चालणाऱ्या गर्दीत तो तापतो, म्हणून पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नये.

शिवाय एक मधला मार्गही निघाला होता. ओरगडमच्या शेजारच्या श्रीपेरुंबुदूर पट्ट्यात बनणारी ह्युंदाईची आय-२० एन लाइन ही १२० अश्वशक्तीची छोटी चपळ गाडी सप्टेंबर २०२१ मध्ये आली, तेव्हा तिच्यात डबल क्लच तरी होता, नाहीतर आयएमटी. आयएमटी म्हणजे गिअरचा दांडा हाताने हलवायचा, पण क्लचचा पेडलच नाही. हौशी लोकांना ते अर्धवट वाटले असावे. २०२३ मध्ये कंपनीने आयएमटी काढून तिच्या जागी क्लच पेडलसह सहा गिअरांचा नेहमीचा गिअरबॉक्स दिला.

आबांचे आगमन

वाद असा रंगला असताना सातारहून आबा आले. मुलाचे वडील. ३२ वर्षे एस.टी.चे चालक होते. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी हे घाट त्यांनी पावसात, धुक्यात पालथे घातलेले. मुलाला वाटले, आता आपला विजय पक्का. ज्याने आयुष्यभर गिअरचा दांडा हातात धरला, तो माणूस ऑटोमॅटिकला काय भाव देणार?

पहिल्या दिवशी झालेही तसेच. 'डबल क्लच' हा शब्द ऐकताच आबा हसले. "आरं, डबल क्लच आम्ही पायानं मारायचो." जुन्या गाड्यांत खालचा गिअर सहजासहजी पडत नसे. क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. चुकले तर गिअरबॉक्स अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा करकरायचा. "आता त्यासाठी लाख रुपये जादा द्यायचे व्हय?" मुलगा खूश झाला. सून गप्प बसली.

रविवारी शोरूमच्या मुलाने दोन्ही प्रकारच्या गाड्या ओरगडमच्या औद्योगिक वसाहतीत आणल्या. सुटीच्या दिवशी तेथले रस्ते रुंद आणि बरेचसे मोकळे असतात. मुलाने हाताच्या गिअरची गाडी चालवली. दुसरा, तिसरा, चौथा. त्याचा चेहरा खुलला होता. मग तो खाली उतरून म्हणाला, "आबा, आता तुम्ही."

आबा चालकाच्या जागेवर बसले. आरसे नीट केले. डावा पाय क्लचवर ठेवला, दाबला आणि तोंड वाकडे झाले. दोन वेळा प्रयत्न केला. मग त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केले आणि म्हणाले, "नगं. तूच चालीव."

मग समजले. आबांच्या डाव्या गुडघ्याची कूर्चा झिजली होती. चार वर्षांत त्यांनी कुठलीच गाडी चालवली नव्हती. गावी जीप दारात असूनही शेजाऱ्याच्या मुलाला बोलवत. विचारले तर म्हणत, "आता कंटाळा आला." घरात कुणालाच खरे कारण सांगितले नव्हते. तीस-बत्तीस वर्षे एस.टी.चा जड क्लच दाबला, तो हाच पाय.

सून पुढे झाली. "आबा, दुसरी गाडी बघा ना. हिला डावा पाय लागत नाही."

आबा नाखुशीनेच बसले. ब्रेकवर पाय ठेवून दांडा 'डी'वर आणला आणि गाडी हलली. पुढे गतिरोधक आला. बत्तीस वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच शोधायला गेला आणि पडला ब्रेकच्या रुंद पेडलवर. गाडी जागच्या जागी थांबली, सगळे पुढे आपटले. शोरूमच्या मुलाने समजावले, डावा पाय मागे सीटकडे ओढून ठेवा, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. हाताच्या गिअरवरून ऑटोमॅटिकवर येणाऱ्या प्रत्येकाने पहिले काही दिवस ही काळजी घ्यायलाच हवी, आणि सराव रिकाम्या रस्त्यावरच करायला हवा.

तिसऱ्या फेरीला आबांचा हात बसला. परतताना बैलगाडी आडवी येण्याआधीच त्यांनी वेग कमी केला होता. खाली उतरून ते मुलाला म्हणाले, "गिअर टाकणं म्हंजी डायव्हरकी न्हाई बाबा. म्होरचं वळण आधी दिसाया पायजे. ते ह्या यंत्राला कुठं दिसतंय?"

शर्यतीच्या गाड्यांनीही दांडा सोडला

मुलाच्या मनाची समजूत मात्र इतक्या लवकर पटली नाही. ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाची गाडी, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४०च्या ओल्ड्समोबिल मोटारींपासून मोठ्या प्रमाणावर विकला जाऊ लागला, तेव्हा तो आरामाचाच मानला जाई. पण १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत दांडा काढून स्टिअरिंगमागे बोटांनी दाबायच्या पट्ट्या लावल्या आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत त्या गाडीवर जिंकली. पुढे काही वर्षांत सगळेच संघ त्या मार्गाने गेले. वेगासाठी दांडा लागत नाही, हे तेव्हाच ठरून गेले. दांडा उरला तो आनंदासाठी. आणि आनंद ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

म्हणूनच मुलाने घेतलेला निर्णय सोपा नव्हता. त्यांनी डबल क्लचची गाडी घेतली, स्टिअरिंगमागे पट्ट्या असलेली. त्यासाठी सनरूफ सोडून द्यावे लागले, हप्ता थोडा वाढला. येलगिरीला तो बोटांनी गिअर बदलत गेला. मजा आली, पण हाताला चुटपुट लागून राहिली, हे तो आजही कबूल करतो.

लिंबू आणि जिंजी

गाडी दसऱ्याच्या सुमारास घरी आली. तमिळनाडूत त्या दिवसांत आयुधपूजा असते. ओरगडमजवळच्या वल्लकोट्टैच्या मुरुगन मंदिरापुढे गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली आणि ती चिरडून गाडी पुढे नेली. सातारकडेही हेच करतात, त्यामुळे आबांना परके वाटले नाही.

पहिला लांबचा प्रवास जिंजीचा. सिंगपेरुमाळ कोविल येथे तिरुची महामार्ग गाठायचा, चेंगलपट्टू, मदुरांतकम करत तिंडिवनमला वळायचे. हिवाळ्यात वाटेत वेडंतांगलचे पक्षी अभयारण्यही पाहता येते. तिंडिवनमपासून जिंजी २८ किलोमीटर. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला आणि राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात वर्षानुवर्षे झुंजवलेला हा किल्ला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा.

तिंडिवनमला चहा झाल्यावर सुनेने किल्ली आबांपुढे धरली. "इथून पुढे तुम्ही."

शेवटचे २८ किलोमीटर आबांनी गाडी चालवली. दोन्ही बाजूंना भातशेते, पुढे राजगिरीचा काळा कातळ हळूहळू मोठा होत जाणारा. मुलगा शेजारी बसला होता. गडावर चढणे आबांच्या गुडघ्याला झेपणारे नव्हते. ते खाली कल्याण महालाच्या सावलीत बसून राहिले. मुलगा आणि सून वर जाऊन आले, तेव्हा आबा गाडीपाशी उभे राहून रुमालाने काच पुसत होते.

"आबा, दमलात का? परत जाताना मी घेऊ?" मुलाने विचारले.

"तू बस मागं," आबा म्हणाले, आणि चालकाच्या बाजूचे दार उघडले.