एक डावी, एक उजवी

निवृत्तीनंतर माणसं अध्यात्माकडे वळतात म्हणे. मी वळलो फळ्यांकडे! सध्या घरी हातभर लांबीची लाकडी होडी आकार घेते आहे.

रीत तशी सोपी. प्लायवूडचा कणा, त्यावर आडव्या फासळ्या आणि फासळ्यांवर २ मिलिमीटर जाडीच्या अरुंद पट्ट्या. पट्टी कोरडी वाकवली तर तडकते. गरम पाण्यात भिजवली की ऐकते. होडीचा घेर मध्यावर मोठा आणि नाळेशी लहान, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासायची. मग गोंद, कपड्यांचे चिमटे आणि रात्रभर वाट पाहणं. माझा हात हल्ली थरथरतो, पण पट्टी धरून ठेवण्याचं काम चिमट्यांचं!

२०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' आठवतं? त्याच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत. अशा शिवलेल्या जहाजांची रीत उलटी. आधी फळ्यांचं कवच, फासळ्या मागाहून.

माझ्या होडीला मात्र एक पथ्य आहे. डावीकडे पट्टी बसवली की लगेच उजवीकडे तिची जोडीदार बसवायची. एकाच अंगाला लावत गेलं तर ती बाजू ओढ घेते आणि सगळा कणाच पिळवटतो.

पत्नीला जाऊन ३ वर्षं झाली. घर इतकी वर्षं सरळ कशामुळे राहिलं, ते मला या पट्ट्या लावताना रोज उमगतं.

असो. पाणी तापलंय. आज बारावी जोडी.