मोलकरणीचा रविवार

आमची सूनबाई जर्मनीत असते. २०२५ साली ती पुण्यास आली असता सहज म्हणाली, की तेथे कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला १२.८२ युरो आहे. म्हणजे अकराशे रुपयांच्याही वर! आम्ही लगोलग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईस दरमहा १५०० रुपये. रोजचा एक तास, दिवस तीस. तासाला पडले ५०. तेथील महागाई चौपट धरून पाहिली, तरी अंतर पाचपटींखाली उतरेना.

येथवर सारे कुतूहलच होते. सूनबाई पुढे म्हणाली, "तेथे रविवारी बहुतेक दुकानेसुद्धा बंद असतात. मामंजी, आपल्या बाईंची सुट्टी कोणत्या वारी?"

आम्ही निरुत्तर झालो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून झगडून १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळवून दिली, हे आम्ही वर्गात किती वेळा शिकविले असेल! १९४८ च्या कारखाना-कायद्याचे आठवड्याचे ४८ तासही आम्हांस मुखोद्गत. पण तो कायदा आमच्या मोरीपर्यंत कधी आलाच नाही. आणि रविवारी पाहुण्यांमुळे भांडी दुप्पट पडतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंस म्हणालो, "यापुढे रविवारी येऊ नका."

तिचा चेहरा उतरला. "पगार कापणार का, काका?"

नाही म्हणताना आम्हांसच ओशाळल्यासारखे झाले. रविवारची भांडी हल्ली आम्ही घासतो; आमच्या कुटुंबास ती पुन्हा विसळावी लागतात, ही गोष्ट निराळी.