बाइक कूल, बाबा कूल

डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला तेव्हा मागच्या सीटवर बाबा होते.

मे २०२४. दुपारचे साडेबारा. घाटंजीच्या पुढे, आमच्या शेताकडे जाणारी पांदण. वर ४५ डिग्रीचं ऊन, खाली काळ्या मातीची घोटाभर धूळ आणि मधे माझी लाडकी अ‍ॅडव्हेंचर बाइक... चहाच्या किटलीसारखी फुसफुसणारी! एका नळीतून हिरवं कूलंट टपटप मातीत सांडत होतं.

‘काय झालं?’ बाबांनी विचारलं.

‘काही नाही, तापलीय. पाच मिनिटं थांबू.’

पाच मिनिटांची पन्नास मिनिटं झाली. निंबाच्या झाडाखाली बसलो. बाटलीतलं पाणी संपलं. बाबा आधी गप्प झाले, मग म्हणाले, ‘मळमळतंय गं.’ वय वर्षं त्रेसष्ट. मोबाइलला रेंज नाही. शेवटी एक ट्रॅक्टरवाला देवासारखा आला आणि त्याच्या ट्रॉलीत बसवून बाबांना घाटंजीला नेलं. दोन सलाइन लागली. संध्याकाळी घरी आलो. आई मला एक शब्दही बोलली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं!

खरं सांगते, तोवर ती बाइक म्हणजे माझी शान होती. मास कॉम केलं, पुण्यात फ्रीलान्सिंग सुरू केलं आणि साठवलेल्या पैशातून ही सेकंडहँड गाडी घेतली. सिंगल सिलिंडर, लिक्विड-कूल्ड, उंच सीट. मग सुरू झालं तिला नटवणं. पुढे एक्स्ट्रा लाइट्स, बाजूला बॅगा आणि रेडिएटरवर एकदम रफटफ दिसणारं काळं गार्ड. ताम्हिणीत, लोणावळ्याच्या पावसात सॉलिड फोटो यायचे. गाडीनं कधी तक्रार केली नाही. करेल कशी? तिथं पावसात पारा पंचविसाच्या आसपास असतो. हिशेब पंचेचाळीस डिग्रीत बिघडतो.

कसा, ते सांगते. इंजिनातली उष्णता कूलंट उचलतं, रेडिएटरमध्ये आणतं आणि तिथून जाणारी हवा ती घेऊन जाते. किती घेऊन जाते, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ डिग्री आणि हवा २५, तर फरक ७०. तीच हवा ४५ ची झाली, की फरक उरतो ५०. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास तीस टक्के कमी काम करतो. त्यात पांदणीवर पहिला-दुसरा गिअर, डबल सीट, स्पीड पंधराचा. हायवेला मिळतो तो वारा नाही. सगळी मदार त्या एवढ्याशा फॅनवर.

पुढच्या एप्रिलमध्ये मी गाडी घेऊन यवतमाळला आले ती ठरवूनच. याचा निकाल लावायचा. पुण्यातल्या बाइकवाल्या मित्रांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला होता. मोठा रेडिएटर लाव. थर्मोस्टॅट काढून फेक. इम्पोर्टेड फॅन मागव. खर्चाचा आकडा ऐकून मलाच चक्कर आली. मग बाबांनीच एका मिस्त्रींचा पत्ता दिला. हे भाऊ वर्षभर ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतात आणि उन्हाळा लागला की कूलर बनवतात. विदर्भात याहून मोठा कूलिंग एक्स्पर्ट कोण असणार?

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. काळ्या गार्डवर बोटानं टकटक केलं.

‘ताई, हे जाळी कोनं लावली?’

‘मीच. दगड लागू नये म्हणून.’

‘दगड त नाही लागत. पन हवाबी नाही लागत ना व!’

गार्ड निघालं. आत जे दिसलं ते पाहून मला लाज वाटली. रेडिएटरच्या पातळ फिन्समध्ये चिकट धूळ, गवताची कुसळं आणि चक्क कापसाचे तंतू. पांढरं सोनं म्हणतात ते हेच! त्यात अर्ध्या फिन्स वाकलेल्या. वॉशिंग सेंटरला जोरदार प्रेशरनं गाडी धुवून घ्यायची हौस माझीच. भाऊंनी इंजिनाच्या बाजूनं हलक्या पाण्यानं सगळा कचरा पुढे ढकलत काढला. मग एका बारीक चपट्या पट्टीनं एकेक फिन सरळ केली. दोन तास लागले. तोंडातून शब्द नाही.

मग कूलंट रिकामं केलं. गढूळ! प्रवासात दोनदा मी नळाचं पाणी ओतलं होतं. आपल्याकडच्या पाण्यात क्षार भरपूर, ते आत थर धरतात. भाऊंनी डिस्टिल्ड वॉटरनं सिस्टीम धुतली आणि कूलंट-डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. रेडिएटरची कॅप उलटी करून दाखवली, तर रबर चिरलेलं. ही कॅप म्हणजे कुकरची शिटी. ती दाब धरून ठेवते म्हणून आतलं पाणी शंभर डिग्रीलाही उकळत नाही. दाबच टिकला नाही, तर उकळी लवकर येणार. नवी कॅप, तीही कंपनीनं सांगितलेल्याच दाबाची.

मी हळूच विचारलं, ‘थर्मोस्टॅट काढून टाकायचा का?’

‘काहून? हिवाळ्यात सकाळी गाडी गरमच नाही होनार. मंग पेट्रोल जास्त पीन अन् इंजिन घासन ते वेगळं. तो दरवाजा हाय ताई. दरवाजा चांगला हाय, रस्ता बंद होता.’

फंडा क्लिअर!

खरं मॉडिफिकेशन म्हणावं अशा गोष्टी तीनच झाल्या. जुन्या गार्डच्या जागी मोठ्या भोकांची जाळी, कूलरसाठी आणलेल्या जाळीतूनच कापलेली. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छोट्या कडा, म्हणजे हवा बाजूनं पळून न जाता रेडिएटरमधूनच जाईल. आणि हँडलवर फॅनचं स्विच. गाडीचा स्वतःचा सेन्सर तसाच ठेवून, रिले आणि फ्यूज लावून दिलेली जादा वायर. म्हणजे पारा चढायची वाट न बघता, पांदण लागायच्या आधीच फॅन सुरू करता येतो. (नव्या गाडीला हे करण्याआधी वॉरंटीची अट नक्की वाचा.)

आता ही गोष्ट फक्त माझी नाही. २०१६ ची पहिली हिमालयन हवेवर आणि ऑइल कूलरवर थंड व्हायची, २०२३ ची हिमालयन ४५० लिक्विड-कूल्ड आली. २०१९ ची एक्सपल्स २०० हवेवर थंड होणारी, २०२५ ची एक्सपल्स २१० लिक्विड-कूल्ड. म्हणजे गावाकडे जाताना रेडिएटर आता आपल्यातल्या बऱ्याच जणांबरोबर असणार आहे.

मे महिन्यात, बरोब्बर साडेबाराला, मी एकटी त्याच पांदणीवर गेले. दोन बाटल्या पाणी, डोक्याला ओला दुपट्टा. वळणावर फॅन लावला. टेम्परेचरच्या दांड्या चढल्या, एक, दोन, तीन... लाल दिव्याच्या दोन दांड्या आधी थांबल्या त्या थांबल्याच. निंबाचं झाड मागे गेलं. मी हेल्मेटमध्ये एकटीच ओरडले.

घरी येऊन विजयी मुद्रेनं जाहीर केलं, ‘बाबा, आता भर दुपारीही शेतात जाता येतं!’

बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, ‘उद्या सकाळी सहाला निघू.’

‘अहो, पण आता गाडी दुपारीही चालते.’

‘गाडीचं चालते गं. माझं काय?’

मी गप्पच. गेल्या वर्षी त्या झाडाखाली नेमकं काय ओव्हरहीट झालं होतं, ते मला वर्षभरानंतर कळत होतं. वर्षभर मी गाडीलाच दोष देत होते. साडेबाराला निघायचं कुणी ठरवलं होतं? मीच. सकाळी मला झोपायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सहाला निघालो. बाबांच्या डोक्याला पांढरा दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्यानं ऊन लागत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास आहे आणि त्यावर वाद घालायचा नसतो. हवा अजून गार होती, फॅनची गरजही नव्हती. पण पांदण लागली तशी खांद्यावर थाप पडली.

‘लाव बाप्पा तुझा कूलर!’

मी स्विच दाबलं.

तुमच्या रेडिएटरसाठी

• इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप कधीच उघडू नका. उकळतं कूलंट थेट अंगावर येतं.
• तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो. सावलीत थांबा.
• फिन्स हलक्या पाण्यानं, आतून बाहेर धुवा. नळाचं पाणी अगदी नाइलाज असेल तरच, आणि घरी पोहोचताच बदला.
• मागे बसलेल्याला डॅशबोर्ड नसतो. दर अर्ध्या तासानं विचारा, ‘बरं वाटतंय ना?’